शंभर आलंच नाही

आमच्या गावात आकडे वेगळे होते.
ब्याण्णव, त्र्याण्णव, पंचाण्णव, शहाण्णव,
नव्याण्णव,
आणि मग एकदम नऊशे.
शाळेत फळ्यापाशी मी असंच म्हणून दाखवलं
तर वर्गात कुणी हसलं नाही.
एकट्या बाई हसल्या.
त्या माल्मोच्या, नव्याच आलेल्या.

ब्याण्णव हिरवी होती. दुसरा रंगच नव्हता.
विमानांचा रंग उरला होता म्हणे, युद्धानंतर.
ती आखणाऱ्यांनी तोवर विमानंच केलेली,
म्हणून तिला नीटसं नाकही नव्हतं,
वारा जिकडून सरकेल तशी ती वळलेली.
आजोबा म्हणत, पालथी घातलेली होडी.
आणि त्याच होडीत बसून लग्नाला गेले.

शहाण्णव मात्र कानाची.
तापल्या पातेल्यात वाटाणे उडावेत तशी येई
कालव्याच्या वळणावरून,
आणि आई बटाटे सोलता सोलता सांगे,
ही शेलस्ट्रॉमांची. आपली नव्हे.
आपली जरा खोकते.

नव्याण्णवपासून वडील.
एस्किल, तिसरी रांग, किल्लीचं कुलूप.
इतरांची किल्ली स्टिअरिंगपाशी,
आमची खाली, दोन सीटांच्या मधे,
जिथे लोक चिल्लर पाडतात, केक सांडतात.
का, तर अपघातात गुडघा किल्लीवर आपटू नये.
कुणाचा गुडघा? कुणाचाही.
कधी न भेटणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा
कुणीतरी एका दुपारी बसून विचार केला होता.
वडिलांना गर्व असला तर एवढाच.
पगाराचा नव्हता, आईला विचारा.

आणखी एक खोड होती तिची:
रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघायचीच नाही.
घरी पोचायचं, थांबायचं,
मागचा गिअर टाकायचा, मग सुटका.
पाहुण्यांना हे सांगावं लागे.
पाहुणे शिव्या देत. आम्ही खूश.

पुढे मालक बदलले, समुद्रापलीकडचे आले.
म्हणाले, किल्ली वर घ्या, सगळ्या जगात वरच असते.
आराखडा खाली आला.
अल्गोतने त्यावर कॉफीचा कप ठेवला
आणि जेवायला निघून गेला.
तो गोल डाग पडलेला कागद अजून आमच्याकडे आहे,
वीजबिलांच्या फायलीत, का कोण जाणे.

शेवटच्या वर्षांत दुसऱ्यांच्या गाड्यांवर
आमचा चेहरा बसवायचे.
वडील रस्त्यात अशी गाडी दिसली की
ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवावी
तसे दुसरीकडे बघत.
मग एका डिसेंबरात फाटक बंद झालं.
बर्फ पडला आणि पार्किंगमध्ये
एकाही चाकाची खूण उमटली नाही.

तरी उन्हाळ्यात लोक येतात.
धबधब्याचं पाणी सोडतात त्या दिवसांत.
हॉलंडचे, नॉर्वेचे, एक जपानी दंतवैद्य तर
नऊशेचं दार उघडून आत नुसता वास घेत उभा होता.
नाव कुणी विचारत नाही.
तुमची कोणती, एवढंच.

परवा वडिलांना डोळे दाखवायला नेलं, उद्देवालाला.
माझी गाडी विजेची, कोरियन. किल्लीच नाही, बटण.
परत आलो, दाराशी थांबले.
त्यांचा डावा हात सीटांच्या मधे गेला,
चाचपडला,
आणि माझ्या गार कॉफीत दोन बोटं बुडाली.
त्यांनी ती विजारीला पुसली. मी बाहेर बघितलं.

'रिव्हर्स टाकलास का?'

डोळ्यांत औषध होतं, त्यांना काही दिसत नव्हतं.
नाही टाकला, म्हणता आलं असतं.
टाकला.
गाडी हातभर मागे सरकली,
शेजारणीच्या कुंपणाला लागता लागता राहिली.
मग ते उतरले.